मी शून्य म्हणालो होतो

एका पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही. वहीतून नीट फाडलेल्या कागदावर निळ्या शाईने लिहिलेलं, पानभरसुद्धा नव्हतं. माझी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली, त्यामुळे पहिल्या वाचनात मी त्यात चुका शोधल्या. सांगायला लाज वाटते, पण शोधल्या. एकही नव्हती.

'नमस्कार लिहीत नाही. रविवारी दुपारी जेवून गेल्यावर तुम्ही परत आलात आणि माझ्या एप्रनच्या खिशात नोट घातलीत. माझ्या दोन्ही हातांत ताटं होती. मी वळले तेव्हा तुमची पाठ दिसली, बस. खिशात काय पडलं ते मला कामाची पाळी संपल्यावर कळलं, तेही मॅनेजरच्या हातात. आमच्याकडे सगळी टीप डब्यात जाते आणि आठवड्याला वाटली जाते. खिशात पैसे सापडले की ती चोरी. मॅनेजरने तुमच्या घरी फोन केला. तुमच्याकडून सांगितलं गेलं की कुणीच काही दिलं नाही. मला काढलं आहे. मालक महिनाअखेरीस गावाहून येतील. तोवर दोन ओळी लिहून द्या की नोट तुम्ही घातलीत. उपकार म्हणून नकोत, खरं आहे म्हणून द्या. पत्ता तुमच्या अभिप्रायाच्या कार्डावरून उतरवून घेतला. हीसुद्धा चोरीच समजा.'

खाली सही आणि पत्ता. महिनाअखेर आली, गेली. तशा आणखी सहा गेल्या.

मी माझ्या थोरल्या बहिणीकडे राहतो. म्हणजे खरं तर तिच्या नवऱ्याकडे, दाजींकडे. छापखाना बंद पडला, लग्न केलेलं नव्हतं, तेव्हा अक्काने मागच्या अंगाची खोली दिली. माझी पुस्तकं आत येत होती तेव्हा दाजी दारात उभे राहून म्हणाले होते, "एवढ्या वजनाने जमीन खचेल." ते वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. त्यांना बाजारात शिरताना पाहिलं की दुकानदार तराजू पुसायला घेत. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण तपासणी संपलेली नाही. मला ते 'कानामात्रा' म्हणतात. बारा वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

महिन्यातून एका रविवारी आम्ही तिघं दुपारी बाहेर जेवायला जायचो. बिल दाजी भरत. टीप किती द्यायची हे मात्र मतदानाने ठरे. पद्धत त्यांचीच, कचेरीतल्या समितीवरून उचललेली. कॉफी झाली की बिलाची चामडी वही टेबलाच्या मध्यावर सरकवायची, वेटरला तिथेच उभं करायचं, आणि प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने सांगायचा. सुरुवात लहानापासून, म्हणजे मोठ्यांचं दडपण येत नाही. तीन आकड्यांतला जो मधला, तेवढी टीप.

"टीप म्हणजे मापात घातलेलं बोट," असं ते वेटरच्या तोंडावर सांगत. "पण बोट घालायचंच असेल तर उघड घालावं."

लहान मी. अडुसष्ट वर्षांचा लहान. मी आधी बोलायचो खरा, पण बोलण्यापूर्वी दाजींच्या चेहऱ्याकडे पाहून घ्यायचो. बारा वर्षांत त्यांचा आकडा मला पाठ झाला होता. सूप मनासारखं असलं तर इतकं, पाव शिळा असला तर तितकं. मी तोच सांगायचो. मग अक्का तिचा सांगायची, नेहमी थोडा जास्त. मग दाजी. दोन आकडे सारखे म्हटल्यावर मधला कोणता, हे सांगायला गणिती लागत नाही.

त्या रविवारी आमच्या टेबलावर ज्या बाई होत्या त्यांना दाजी मास्तरीणबाई म्हणत. पंचेचाळिशीच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, ऑर्डर घेतली की ती आपल्याला परत वाचून दाखवायच्या. कुणापुढे वाकत नसत. मला त्या आवडत. आवडत म्हणजे त्या आल्या की मी मेनूकार्डात तोंड खुपसून बसायचो.

दाजींनी सूप ढवळलं आणि विचारलं, "कार्डावर 'मोठा वाडगा' लिहिलंय. मोठा म्हणजे किती?"

"विचारून सांगते." त्या आत जाऊन आल्या. "तीनशे मिलिलिटर."

"मोजून?"

"मापाने भरतात."

"मापावर शिक्का आहे का? मागच्या वर्षीचा की या वर्षीचा?"

हे पंधरा मिनिटं चाललं. शिक्क्यानंतर मापाचा धातू, धातूनंतर वाडग्याची कड. त्या उभ्या होत्या, दुसऱ्या टेबलावरचा माणूस हात वर करून थकला. शेवटी दाजींनी एक चमचा तोंडात घातला. "आणि हे तर गार आहे."

"तुम्ही बोलायला लागलात तेव्हा गरम होतं," बाई म्हणाल्या.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी हसलं. अक्का तोंडाला रुमाल लावून खोकली. दाजींनी ते गार सूप शेवटच्या चमच्यापर्यंत संपवलं. कॉफी झाल्यावर वही मध्यावर सरकवली.

"उभ्या राहा, मास्तरीणबाई. निकाल ऐकून जा. हं, कानामात्रा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं नाही.

"शून्य," मी म्हणालो.

अक्काने आकडा सांगितला, चांगला होता. दाजी म्हणाले, "शून्य. मधलं शून्य." बाईंनी वही उचलली. "आभारी आहे," एवढं म्हणाल्या आणि ते मला उद्देशून होतं, याबद्दल आजही मला शंका नाही.

दारापर्यंत आलो आणि पाय पुढे जाईनात. छत्री विसरली असं सांगून मी मागे फिरलो. किती द्यावं, हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा माझा मला सोडवायचा होता, आणि त्याला दारापासून स्वयंपाकघराच्या वाटेपर्यंतचाच अवकाश होता. खिशात मूठभर नाणी होती आणि कालच काढलेल्या पेन्शनीतली एक मोठी नोट. टिपांचा डबा दाराशीच होता, पण त्याच्या शेजारी दाजी कोट चढवत उभे होते. नाणी बाईंना द्यायची तर वाजली असती. नोट वाजत नाही. एवढ्याच कारणासाठी मी नोट दिली. उदारपणा वगैरे काही नव्हतं. चार घड्या घालून त्यांच्या एप्रनच्या खिशात सरकवली आणि मान खाली घालून परतलो. घरी येईपर्यंत मला आपण फार चांगले आहोत असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. दाजींनी घेतला. मी समोरच वर्तमानपत्र वाचत होतो.

"छे हो. एक छदामही नाही. मतदान झालं, शून्य ठरलं... नोट? आमची कशी असेल?" मग रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारलं, "काय रे, तू दिलंस का काही त्या बाईला?"

"मी?" मी म्हणालो. "नाही."

"नाही म्हणतोय," दाजी फोनमध्ये म्हणाले. "बघा म्हणजे. एकदा उलटून बोलायला लागलं माणूस की हातही चालायला लागतो."

मी वर्तमानपत्राचं पान उलटलं. तोंडात गुळणी धरून बसलो असतो तरी बरं झालं असतं. मी तर बोललो.

चौथ्या दिवशी पत्र आलं. मी अकरा मसुदे केले. पहिल्यात लिहिलं, 'नोट ठेवली गेली होती.' कुणी ठेवली, असा शेरा दुसऱ्या कुणाच्या प्रुफावर मी समासात मारला असता. पाचव्यात 'ठेवली असावी' आलं. नवव्यात बाईंच्या सडेतोडपणाचं कौतुक आलं आणि नोट गेली. अकरावा बरा होता. त्याला पाकीट नव्हतं. पाकीट आणायला गेलो तेव्हा दुकान बंद होतं. माझ्यासारख्या माणसाला बंद दुकान फार दिवस पुरतं.

या फेब्रुवारीत अक्काला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. कुठे जायचं असं दाजींनी विचारलं, तर म्हणाली, "तिथेच. सूप मिळतं तिथे." आम्ही त्यानंतर तिथे गेलो नव्हतो. मी पोटाचं कारण काढून पाहिलं. अक्का म्हणाली, "तुझं पोट बारा वर्षं मी सांभाळतेय. चप्पल घाल."

मॅनेजर दारातच भेटला. अंगाला घट्ट कोट, हातात पेन. "या साहेब. तुमचे पाय लागले नाहीत बऱ्याच दिवसांत." त्याने स्वतः खुर्च्या ओढून दिल्या. वेटर नवा होता, चाळिशीचा बुटका माणूस, एप्रनला खिसाच नव्हता. ऑर्डरचा कागद त्याने कमरेच्या पट्ट्यात खोचला होता.

"खिसे काढून टाकले सगळ्यांचे," मॅनेजर म्हणाला. "त्या प्रकरणानंतर. साहेब, तुमच्या एका शब्दाने काम सोपं झालं हं."

"कोणत्या शब्दाने?" अक्काने विचारलं.

"शून्य." तो हसला. "बाई आता धुलाईघरात चादरींच्या घड्या घालते म्हणे. पण परवा नदीकाठच्या हॉटेलातून फोन आला होता. पुढच्या महिन्यापासून त्यांच्याकडे जागा आहे आणि हिने अर्ज केलाय. मला विचारलं, बाई कशी आहे. आमच्या धंद्यात विचारतात एकमेकांना. मी म्हटलं, कामाला वाघीण आहे, घ्या. फक्त खिसे शिवून घ्या."

दाजींनी टेबलावर थाप मारली. "झकास. खिसे शिवून घ्या."

"मग घेणार आहेत का?" मी विचारलं.

"असं ऐकल्यावर कोण घेईल? बघतो म्हणाले. म्हणजे नाहीच."

सूप आलं. गरम होतं. दाजींनी त्या नव्या माणसाला काही विचारलं नाही, तरी तो प्रत्येक ताट ठेवून दोन पावलं मागे सरत होता. मी काय खाल्लं ते सांगता येणार नाही. कॉफी झाली. दाजींनी वही मध्यावर सरकवली, वेटरला उभं केलं, मॅनेजरही गंमत बघायला येऊन थांबला.

"चला. लहानापासून."

"ती नोट मी घातली होती," मी म्हणालो.

"कुठली नोट?"

"बाईंच्या खिशातली. छत्रीचं निमित्त करून परत आलो होतो तेव्हा. बाईंना माहीतही नव्हतं."

दाजी माझ्याकडे बघू लागले. निरीक्षकाने हातात आलेलं वजन उलटं करून बघावं तसे.

"मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले. "फोन हातात धरून विचारलं होतं."

"मी खोटं बोललो."

"म्हणजे मीही खोटं बोललो. माझ्या तोंडून गेलं ते." त्यांनी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटली. "चाळीस वर्षं सरकारात काढली. माझा शब्द कधी कुणी परत पाठवला नाही. माझं मीठ खाऊन तू माझ्याच तोंडात खोटं घातलंस."

मॅनेजर पेनाचं टोपण लावत होता, काढत होता. "साहेब, हे वरातीमागून घोडं झालं. मालकांनी तेव्हाच सही केलीय. आणि तुमचीही कमाल आहे. डबा दारात ठेवलाय, हत्तीएवढा. त्यात का नाही टाकलीत?"

"डब्याशेजारी हे उभे होते."

"हे उभे होते म्हणून?" तो माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत म्हणाला. "तुमचं वय काय?"

खरं उत्तर कुठल्याही वयाला शोभणारं नव्हतं.

"मी लेखी देतो तुम्हाला," मी म्हणालो. "नदीकाठी फोन करून सांगाल का?"

"मला लेखी नको. माझ्याकडे ते प्रकरण बंद आहे. आणि मी फोन करून काय सांगू, की आम्ही चौकशी न करता बाई काढली? माझ्या पोटावर पाय देता का?" तो वळला आणि नव्या वेटरवर खेकसला, "तू काय ऐकत उभा आहेस?"

"त्याला आम्ही उभं केलंय," अक्का म्हणाली. "मतदान राहिलंय. अरे, आकडा सांग."

मला कळेना. "बिलाचा दहावा हिस्सा," मी म्हणालो. या वेळी दाजींकडे न बघता.

"माझाही तेवढाच," अक्का म्हणाली. "अहो, तुमचा?"

"शून्य."

"मग मधला काढा. बारा वर्षं माझा आकडा एकदाही मधला आला नाही. का येत नव्हता, ते मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे."

दाजींनी पाकीट काढलं. नियम त्यांचाच होता आणि आपलं माप त्यांनी कधी खोटं केलेलं नव्हतं, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं. पैसे टेबलावर ठेवले ते मात्र कुत्र्यापुढे टाकावेत तसे. नव्या वेटरने ते दोन बोटांत धरले आणि सगळ्यांना दिसतील असे उंच करून डब्याकडे नेले.

परतताना दाजी पुढे चालत होते. मी अक्काला हळूच म्हणालो, "तुला ठाऊक होतं?"

"तू छत्री आणायला परत गेलास तेव्हा छत्री माझ्या हातात होती."

"मग तू का नाही बोललीस?"

"तू का नाही बोललास?"

"घर त्यांचं आहे."

"मग मी काय धर्मशाळेत राहते?" ती म्हणाली. "आज इथं घेऊन आले, एवढंच माझ्याच्याने झालं. पुढचं तुझं तू बघ. नेहमी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू नकोस." मग ती मला मागे सोडून भराभर पुढे गेली. तिचा राग दाजींच्या रागापेक्षा जड होता, आणि तो मी लहानपणापासून ओळखतो.

संध्याकाळी दाजी माझ्या खोलीच्या दारात आले. मी टेबलाशी होतो, कागद समोर होता आणि शेजारी बाईंचं पत्र उघडं होतं.

"लिहितोयस?"

"हो."

"लिही. पण फोनचं लिहायचं नाही. नोट तुझ्या हातून चुकून पडली असेल, असं लिही. तिचंही भागेल."

"भागणार नाही, दाजी. मग ती त्यांनी उचलून खिशात का ठेवली, असं कुणीही विचारेल."

"तुला तिच्या खिशाची फार काळजी. माझ्या अब्रूची?"

"फोनवर तुम्ही मला विचारून सांगितलंत. खोटं माझं होतं, असंच लिहीन."

"म्हणजे आमच्या घरात खोटारडे राहतात, हे त्या हॉटेलाच्या भिंतीला लावायचं." त्यांनी बाईंच्या उघड्या पत्रावरून आणि मग पुस्तकांच्या फळ्यांवरून नजर फिरवली, जणू वजनाचा अंदाज घेत होते. "पत्र गेलं तर खोली रिकामी करायची. महिनाअखेरपर्यंत मुदत देतो. तिला होती तेवढी."

शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम म्हटलं की अनवधानाने, मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

या वेळी मसुदा केला नाही. लिहिलं ते असं:

'तुमचं पत्र मिळून सात महिने झाले. तुम्ही लिहिलेलं सगळं खरं आहे. त्या रविवारी तुमच्या एप्रनच्या खिशात नोट मी घातली आणि तुम्हाला त्याची कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी समोर बसलो होतो. मला स्पष्ट विचारलं गेलं आणि मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. घरच्यांनी माझ्या खोट्यावर विसंबून उत्तर दिलं. नदीकाठच्या हॉटेलात तुमच्याविषयी काय सांगितलं गेलं ते मी आज मॅनेजरच्या तोंडून स्वतः ऐकलं. हे पत्र त्यांना दाखवा, किंवा आणखी ज्याला दाखवायचं त्याला. कुणाला माझ्या तोंडून ऐकायचं असेल तर मी येईन.'

खाली 'क्षमस्व' लिहिलं होतं, ते खोडलं. त्यांनी ते मागितलं नव्हतं. पाकिटात पैसे घालावेत का, हा विचार रात्रभर छळत होता. किती? सात महिन्यांचा पगार माझ्याजवळ नव्हता, आणि त्याहून कमी कितीही घातले तरी ती टीपच झाली असती. सकाळी नोटा बाहेर काढल्या, मोजल्या, परत ठेवल्या. या बाईंना न विचारता एकदा पैसे दिले होते, तेवढं पुरे होतं.

निघालो तेव्हा दाजी ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ते वर न बघता म्हणाले, "निघाले कानामात्रा." अक्का आतून बघत होती की नाही, हे मी मागे वळून पाहिलं नाही.

टपाल कचेरीत माझ्यापुढे तिघं होते. मागच्या एखाद्याला मी पुढे जाऊ दिलं असतं, सवय आहे, पण मागे कुणी नव्हतं. खिडकीतल्या मुलीने पाकीट तोललं, दोन्हीकडून पाहिलं.

"रजिस्टर करायचंय ना? मग पाठवणाऱ्याचा पत्ता राहिलाय, आजोबा."

पेन तिच्याकडून मागून घेतलं. कोणता लिहावा, असा क्षणभर प्रश्न पडला. मग दाजींच्या घराचा लिहिला. त्या सकाळी तरी मी तिथेच राहत होतो. तिने शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट पाठीमागच्या पोत्यात टाकलं.